बारापात्रे साहेबांचा कोपरा

बारापात्रे साहेबांचं व्हिजिटिंग कार्ड मी अजून वापरतो. पुस्तकात खूण म्हणून. इतका जाड पुठ्ठा हल्ली वह्यांनाही मिळत नाही. त्यावर उठावाच्या अक्षरांत नाव आहे, गुणवंत बारापात्रे. त्याखाली 'प्रिन्सिपल आर्किटेक्ट, पॉवर अँड मोशन सिलिकॉन'. त्याखाली 'बेंगळुरू – भंडारा', आणि दोन्ही गावांच्या मध्ये एक छोटीशी रेघ. माणूस बेंगळुरूहून भंडाऱ्याला कसा आणि का परत येतो, ते सगळं त्या रेघेत बसवलेलं होतं.

हे कार्ड साहेब सगळ्यांना देत. बँकेच्या मॅनेजरला, केस कापणाऱ्याला, पेट्रोल भरणाऱ्याला. आमच्या इमारतीखालच्या पानठेलेवाल्यालाही त्यांनी एक दिलं. त्यानं ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, याच्यात जेवनाचा टाइम नाई लिहिला."

साहेब पुढे चालू लागले. पानठेलेवाला त्यांच्या दृष्टीनं 'युजर' होता आणि युजरशी बोलून उपयोग नसतो असं त्यांचं मत होतं. जगाची त्यांनी दोन भागांत वाटणी केली होती. एका बाजूला चिप बनवणारे, दुसऱ्या बाजूला युजर. पहिल्या भागात भंडारा जिल्ह्यापुरते ते एकटेच होते.

मी त्या वेळी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरच्यांना त्याचा त्रास व्हायला लागला होता. साहेबांना डेटाशीट लिहायला माणूस हवा होता. डेटाशीट म्हणजे चिपबरोबर जाणारी पुस्तिका. चिप काय काम करते, किती वीज सोसते आणि काय केलं तर कंपनी जबाबदार राहणार नाही, हे तिच्यात असतं. शेवटचा भाग सगळ्यात लांब असतो. मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं आणि प्रश्न विचारायची सवय चाकरीत मोडली होती. साहेबांनी दहा मिनिटांत मला ठेवून घेतलं.

ऑफिस खताच्या दुकानाच्या वर होतं. खाली युरिया, वर सिलिकॉन. मोटर चालवणाऱ्या चिपांचे आराखडे काढणं हे आमचं काम. पंख्याची, पंपाची, ई-रिक्षाची मोटर नुसती बॅटरीला जोडून हल्ली भागत नाही. तिच्या कुठल्या वेढ्यात वीज कधी सोडायची, किती सोडायची आणि कधी तोडायची हे नखाएवढी एक चिप ठरवते. ही चिप आधी संगणकाच्या पडद्यावर काढतात, लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांची, एकावर एक थर देऊन. आराखडा पुरा झाला की तो परदेशातल्या कारखान्याला पाठवतात. तो गेला की गेला. मग एक रेघही हलवता येत नाही. काही महिन्यांनी कुरिअरवाला एक खोका घेऊन येतो आणि आपण शहाणे होतो की मूर्ख, ते त्यातून निघतं.

म्हणजे आमच्या मजल्यावर प्रत्यक्षात काहीच तयार होत नव्हतं. सहा संगणक होते, एक सूक्ष्मदर्शक होता, चाचणीचं एक टेबल होतं. तरीही साहेबांनी दारावर 'क्लीन झोन' अशी पाटी लावली होती आणि आत येणाऱ्याला निळी टोपी घालावी लागे. कसली स्वच्छता राखायची हे कोणाला माहीत नव्हतं. संगणकांवर बोटभर धूळ होती. स्वतः साहेब मनगटाला स्थिर विजेचा पट्टा बांधत. चिपा हाताळताना अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून तो असतो आणि त्याची दुसरी बाजू जमिनीला जोडलेली असावी लागते. साहेबांच्या पट्ट्याची वायर खिशात जायची. तो बांधून ते जेवत, तो बांधून झेंडावंदनाला जात.

आता दारांबद्दल सांगितलं पाहिजे.

जिन्यावर एक लोखंडी दार होतं. मग चार पावलांचा बोळ. मग काचेचं दार. ही दोन्ही दारं एका वेळी कधीही उघडी राहता कामा नयेत, असा साहेबांचा कडक नियम होता. एक लावायचं, चार आकडे मोजायचे, मगच दुसरं उघडायचं. त्यामागे शास्त्र होतं. मोटरच्या चिपमध्ये वरचा एक स्विच असतो आणि खालचा एक. दोन्ही एकदम सुरू झाले तर वीज मोटरकडे न वळता वरून थेट खाली धावते आणि चिप जळून जाते. म्हणून एक बंद झाल्यावर क्षणभर थांबून मग दुसरा सुरू करतात. त्या थांबण्याला 'डेड टाइम' म्हणतात. चिपमध्ये हा काळ डोळ्याच्या पापणीच्याही हिशेबात बसत नाही. आमच्या बोळात तो चांगला लांबत असे.

चहावाला इस्तारी हा पन्नाशीचा शांत माणूस. तो रोज त्या बोळात हातात ट्रे घेऊन मोठ्यानं मोजायचा, "एक, दोन, तीन, चार. साहेब, चा थंडा झाला."

उद्घाटनाला एक मान्यवर आले तेव्हा या नियमाची खरी परीक्षा झाली. त्यांच्याबरोबर दहा-अकरा माणसं होती. ती सगळी बोळात शिरली आणि अर्धी जिन्यावर राहिली. जिन्यावर माणसं असल्यामुळे लोखंडी दार लागेना. लोखंडी दार लागत नाही म्हणून साहेब काचेचं दार उघडेनात. काचेच्या आतून ते हातवारे करून मान्यवरांना मोजायला सांगत होते. मान्यवरांना वाटलं, ते नमस्कार करतायत. त्यांनीही हात जोडले, हार बोळातच घातला गेला, फोटो निघाला आणि सगळे परत गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मान्यवरांनी अत्याधुनिक प्रयोगशाळेची बारकाईनं पाहणी केली.

"युजर," साहेब म्हणाले.

साहेब मूळचे आंधळगावचे. घरात हातमाग. वडिलांनी जन्मभर कोसा रेशीम विणलं, आणि घरची धानाची थोडी शेती. साहेब हे 'टेक्सटाइल बॅकग्राउंड' म्हणून सांगत. शेतीचा उल्लेख करत नसत. बोलणं शुद्ध, मध्ये मध्ये इंग्रजी. आमच्याकडची बोली त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकली नव्हती. कोणी 'मले', 'तुले' म्हणालं की ते कपाळाला हलकीशी आठी घालत, जणू मोटर आवाज करतेय.

त्यांच्या बेंगळुरूच्या दिवसांबद्दल मला एकदाच कळलं, तेही अचानक. एका दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाकडे बोलावलं आणि खाली जुनी एक चिप धरली. आवरण काढलेली. मला शहराचा विमानातून काढलेला फोटो दिसावा तसं काहीतरी दिसलं, आणि त्याच्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं.

"हे काय?"

"सही. डिझायनर लोक कोपऱ्यात सही करतात. कोणी कुत्र्याचं चित्र काढतो, कोणी बायकोचं नाव."

"ही तुमची अक्षरं नाहीत."

"माझ्या मॅनेजरची आहेत. चिप माझी." त्यांनी दुसरी चिप ठेवली. तिच्यावरही तीच अक्षरं होती. मग तिसरी. "त्यांना साधा स्विच काढता येत नव्हता, मास्तर. त्यांची अक्षरं मी माझ्या हातानं काढायचो."

साहेबांनी चिपा डबीत ठेवल्या, डबी कोटाच्या खिशात ठेवली आणि पुन्हा प्रिन्सिपल आर्किटेक्ट झाले. पण तेव्हापासून मला कार्डाचा जाडपणा कळला. बावीस वर्षं या माणसानं दुसऱ्याचं नाव कोरलं होतं. आता आयुष्यात पहिल्यांदा एक चिप संपूर्ण त्याची होणार होती आणि तिच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात 'जी. बी.' ही अक्षरं जाणार होती. बाकीची चिप त्या दोन अक्षरांसाठी काढलेली होती, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

ही चिप धान उफणायच्या पंख्यासाठी होती. धानाची मळणी झाली की खळ्यावर पंखा लावतात, त्याच्यासमोर सुपानं धान सोडतात, भुसा आणि तणशीच्या, म्हणजे पेंढ्याच्या, काड्या उडून जातात आणि दाणा खाली पडतो. आंधळगावच्या शालिकभाऊंचा टिनाच्या शेडमध्ये असे पंखे बनवायचा धंदा होता. बॅटरीवर चालणारे, लोखंडी पायांचे, जाळीवर रंगवून लिहिलेलं 'शालिक'. आमची नवी मोटर आणि चिप लावली तर पंखा हलका होईल, बॅटरी दुपारी बसायच्या ऐवजी संध्याकाळपर्यंत चालेल, हे त्यांना पटलं होतं. येत्या हंगामाचे सगळे पंखे त्यांनी आमच्या भरवशावर नव्यानं बांधायला घेतले.

आराखडा कारखान्याला जायच्या आधी शेवटची बैठक झाली. साहेब, मी, दोन पोरं संगणकावरची, आणि वंदना. वंदना चाचणीचं काम बघायची. बपेऱ्याची मुलगी, बारावीला माझ्याच वर्गात होती, पुढे डिप्लोमा केला. वर्गात ती फारशी बोलत नसे. जे बोले ते माझ्या अडचणीचं असे.

साहेबांनी अर्धा तास चिपची स्तुती केली आणि कोणाला शंका आहे का विचारलं. हे ते रिवाज म्हणून विचारत.

"सर," वंदना म्हणाली, "बॅटरीच्या क्लिपा पलट्या लावल्या तं?"

"लावायच्या नाहीत."

"पर लावतात ना सर. पंख्यात तणस अडकली का क्लिपा पलटवतात. मोटर उलटी फिरते, तणस निंगते, मंग पुन्हा सीध्या लावतात. माहे बाबा तसंच करतात. आख्ख्या बपेऱ्यात तसंच करतात."

"जुनी मोटर उलटी फिरेल. ही चिप जळेल."

"म्हणूनच म्हणून राहिली मी."

"वंदना," साहेब म्हणाले, "बपेरा इज नॉट माय स्पेसिफिकेशन."

दोन्ही पोरं हसली. हसणं त्यांच्या नोकरीत धरलेलं होतं. साहेबांनी मग समजावून सांगितलं. उलट्या जोडणीपासून चिप वाचवायची तर बाहेर एक जादा स्विच लागेल, तो चालवायला चिपमध्ये वेगळं सर्किट लागेल, एक पिन लागेल. जागा लागेल. जागा नाही.

भिंतीवर चिपचा मोठा रंगीत नकाशा लावलेला होता, चादरीएवढा. वंदना उठली, नकाशापाशी गेली आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"मंग ही जागा कायले आहे?"

तिच्या बोटाखाली 'जी' होता.

साहेबांनी पट्ट्याची वायर खिशात आणखी खाली ढकलली. "तो कोपरा थर्मली निरुपयोगी आहे," ते म्हणाले. "तिथं सर्किट ठेवता येत नाही."

मी भौतिकशास्त्र तीस वर्षं शिकवलं. कोपऱ्यात सर्किट ठेवता येत नाही आणि अक्षरं मात्र ठेवता येतात, असा उष्णतेचा काही नियम नाही हे मला माहीत होतं. वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला. वर्गातही असं झालं की मी तेच करत असे.

त्या बैठकीचं फलित एवढंच की डेटाशीटच्या एकतिसाव्या पानावर मी एक वाक्य वाढवलं. पुरवठ्याची जोडणी उलट केल्यास उपकरणाला कायमची इजा होऊ शकते आणि तिची जबाबदारी वापरणाऱ्यावर राहील. इंग्रजी निर्दोष होतं.

चिपा आल्या. खोक्यासमोर नारळ फुटला, क्लीन झोनमध्ये पाणी सांडलं. शालिकभाऊंच्या शेडमध्ये पहिला पंखा सुरू झाला आणि खरं सांगायचं तर तो सुरेख चालला. आवाज नाही, हिसका नाही, वारा असा की समोरच्या पोत्यांची तोंडं उघडली. त्या माणसाला चिप काढता येत होती यात शंकाच नाही. म्हणूनच राग येतो. साहेबांनी भाषण केलं. शालिकभाऊंना लॅपटॉपवर सूक्ष्मदर्शकाचा फोटो दाखवला, कोपरा मोठा करून. जमलेल्या सगळ्यांना कार्डं वाटली. शालिकभाऊंच्या हातांना ऑइल लागलेलं असल्यामुळे त्यांचं कार्ड साहेबांनी त्यांच्या शर्टाच्या खिशात स्वतः ठेवलं.

कापणी झाली, मळण्या सुरू झाल्या, आणि पंधरवडाही गेला नसेल तोच एका सकाळी शालिकभाऊ ऑफिसात आले. पाठीवर पोतं आणि हातात एक पंखा. लोखंडी दार त्यांनी पायानं उघडलं, काचेचं खांद्यानं. मोजलं नाही. दोन्ही दारं सताड उघडी राहिली आणि खालच्या खताचा वास पहिल्यांदाच थेट आत आला. त्यांनी पोतं क्लीन झोनच्या मधोमध उलटं केलं. आमच्या चिपा बसवलेल्या सर्किटच्या जळलेल्या पाट्या खडखडत फरशीवर पसरल्या.

"साहेब, तुमच्या चिपा मेल्या."

साहेबांनी एक पाटी उचलून पाहिली. दुसरी पाहिली. मग सूक्ष्मदर्शकाखाली न धरताच ठेवून दिली. "रिव्हर्स पोलॅरिटी. उलट जोडणी. डेटाशीट, पान एकतीस. मास्तर, दाखवा यांना."

मी पान काढून दिलं. शालिकभाऊंनी ते पाहिलं आणि परत केलं.

"हे मी कोनाले वाचून दाखवू? खळ्यावर पंखा माही माय लावते. तिले अ येत नाई."

"मग त्यांना पंखा लावू देऊ नका."

"काय बोलून राहिले साहेब! माही माय चाळीस वर्सं धान उफनून राहिली. तुमचा पंखा काल आला. तो सांगेल का तिले का बाई, तू चुकली म्हणून?"

"युजर चुकतो. चिप चुकत नाही."

"चिपचं मले नाई समजत," शालिकभाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "पर लोकं पंखा घेऊन माह्या दारात येतात. जाळीवर नाव माहं आहे, साहेब. अर्ध्या कोसावरून वाचता येते. तुमचं तं दुर्बीन लावल्याशिवाय दिसतही नाई."

मला वाटतं, साहेबांना हेच लागलं. ते लाल झाले. चिप चांगली आहे आणि माणसं मूर्ख आहेत हे आता ह्याच क्षणी, सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो म्हणाले. शालिकभाऊंनी आणलेला पंखा टेबलावर ठेवायला लावला. त्यात स्वतः नवी पाटी बसवली. बॅटरी मागवली. लाल क्लिप लालला, काळी काळ्याला, प्रत्येक वेळी वर पाहून, शाळेत प्रयोग करून दाखवतात तसं.

पंखा गुरगुरला आणि अडला. पात्यांच्या मागं, दांड्याला, खळ्यावरची तणस गुंडाळलेली होती. शालिकभाऊंनी पंखा होता तसा उचलून आणला होता.

"पाहा," साहेब आमच्याकडे बघत म्हणाले, "मोटर अडली की चिप आपोआप करंट कमी करते. ती जळत नाही. ती शहाणी आहे. आता आपण—"

आणि बोलता बोलता, आमच्याकडेच बघत, त्यांच्या हातांनी दोन्ही क्लिपा काढल्या आणि उलट्या लावल्या.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. दुसऱ्या तऱ्हेनं ते लिहिता येत नाही. साहेबांनी लावल्या नाहीत, त्यांच्या हातांनी लावल्या. आंधळगावच्या खळ्यावर लहानपणी कधीतरी शिकलेले हात होते ते. त्यांना बेंगळुरू माहीत नव्हतं आणि एकतिसावं पानही.

फट् झालं. पाटीतून पांढरी वाफेसारखी एक रेघ वर गेली. जळका वास खताच्या वासात मिसळला.

"काहून जळलं बे?" साहेब ओरडले.

एवढ्या वर्षांत दाबून ठेवलेली बोली तेवढ्या तीन शब्दांत बाहेर आली. ऑफिसात कोणी हललं नाही. हसायची नोकरी असलेली दोन पोरंसुद्धा. साहेब आपल्या हातांकडे पाहत होते. ते हात दुसऱ्या कोणाचे तरी असावेत असं.

वंदनानं मुख्य स्विच बंद केला. मग शांतपणे म्हणाली, "युजर, सर."

शालिकभाऊंनी पंखा उचलला. जाताना दोन्ही दारं त्यांनी नीट लावली, एक लावून, थांबून, मग दुसरं. मला तो उपहास वाटला. वंदनाला तो सभ्यपणा वाटला. राहिलेला हंगाम त्यांनी जुन्या मोटरा पुन्हा बसवण्यात काढला.

पुढे जे झालं त्यात साहेबांनी कोणाची माफी मागितली असं वाचणाऱ्यानं समजू नये. तीन आठवड्यांनी भिंतीवर नवा नकाशा लागला. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात आता दाट लाल-निळ्या पट्ट्या होत्या. उलट्या जोडणीपासून वाचवणारं सर्किट तिथं नीट बसलं होतं, आणि थर्मली त्याचं काही बिघडलं नव्हतं.

वंदना बराच वेळ नकाशासमोर उभी राहिली. "सर, तुमचं नाव गेलं."

"एरिया ऑप्टिमायझेशन," साहेब म्हणाले. पडद्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. "तसंही ते कोणाला दिसत होतं?"

"तुमाले दिसे ना."

साहेबांनी पडद्यावरचं पान बदललं. तिला तिनंच सुचवलेल्या दुसऱ्या गोष्टीची चाचणी करायला सांगितली. चिप नुसती वाचून भागणार नाही, तणस तर निघालीच पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून आता पंखा दर वेळी सुरू होताना आधी सावकाश चार फेरे उलटा फिरणार होता आणि मग सुलटा. कोणी क्लिपा पलटवायची गरजच राहू नये. साहेबांनी त्या चार फेऱ्यांना नऊ शब्दांचं इंग्रजी नाव दिलं आणि मी ते डेटाशीटमध्ये लिहिलं. सादरीकरणात ही कल्पना आपल्याला कशी सुचली ते त्यांनी सविस्तर सांगितलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'फील्ड इनपुट' असे दोन शब्द होते. तीच वंदना. बावीस वर्षं दुसऱ्यानं आपल्या कामावर नाव घातलं म्हणून कुढलेला माणूस, संधी मिळताच दुसरं काही करत नाही. तो तेच करतो, फक्त अक्षरं लहान वापरतो. वंदना त्यावर एवढंच म्हणाली, "जाऊ द्या सर. चालून राहिलं ना?"

उन्हाळी धानाच्या वेळी नव्या चिपा आल्या. त्यानंतर महिन्याभरातच बेंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीनं साहेबांना बोलावून घेतलं. ऑफिस वंदनाकडे आलं. निळ्या टोप्या इस्तारीनं नेल्या. मोजायचं बंद झालं. साहेब पुन्हा आले नाहीत. निरोप समारंभ झाला, हार-भाषणं झाली, ते सगळं मी विसरलो आहे. मला आठवतात ते त्याआधीचे साहेब, शेवटचे नीट पाहिलेले, आंधळगावच्या खळ्यावर.

मे महिना होता आणि साहेबांनी कोट घातला होता. भंडाऱ्याच्या उन्हात कोट घालायला धैर्य लागतं किंवा दुसरं काहीतरी. शालिकभाऊंनी नवा पंखा खळ्यावर मांडला. त्यांनी आम्हांला बोलावलं होतं आणि बोलावताना हसले नव्हते. मळलेल्या धानाचा ढीग पडला होता. साहेब तोंडाला रुमाल धरून बाजूला उभे होते. शालिकभाऊंची आई आली. लहानखुरी, पदर कमरेला खोचलेला. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पंख्याच्या मागं हात घालून पाहिलं, काही अडकलेलं लागलं, आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं क्लिपा पलट्या लावल्या.

शालिकभाऊंनी डोळे मिटले. मी चष्मा काढला.

काही झालं नाही. फट् नाही, वास नाही. पंखा नुसता गप्प राहिला.

"मेला का हा?" म्हातारी म्हणाली आणि तिनं क्लिपा सरळ केल्या. पंखा सावकाश चार फेरे उलटा फिरला. तणशीचा एक झुबका सुटून साहेबांच्या कोटावर पडला. मग पंखा थांबला आणि सुलटा सुरू झाला. वारा सुटला. म्हातारीनं सूप उचललं आणि धान सोडायला सुरुवात केली, जशी ती चाळीस वर्षं सोडत होती. भुसा उडाला, दाणा खाली पडला.

खळ्याची जमीन ओबडधोबड होती. पंख्याचा एक पाय अधांतरी राहून खडखड करत होता. म्हातारीनं सूप ठेवलं आणि पहिल्यांदा साहेबांकडे पाहिलं.

"तू कोनाचा गा बाबू?"

साहेबांचा हात सवयीनं खिशात गेला. तोंडानं सांगायचं सोडून त्यांनी कार्ड काढून तिला दिलं. तिनं ते हातात घेतलं, बोटांनी दाबून पाहिलं. पुठ्ठा तिला आवडलेला दिसला. तिनं त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, खाली वाकली आणि पंख्याच्या पायाखाली सारली.

खडखड कमी झाली. पूर्ण थांबली नाही.

मी साहेबांकडे पाहिलं. आता 'युजर' हा शब्द येणार असं मला वाटलं. साहेब एक क्षण उभे राहिले. मग त्यांनी खिशातून दुसरं कार्ड काढलं, त्याच्या तशाच दोन घड्या घातल्या, कोटासकट भुशात उकिडवे बसले आणि पहिल्या कार्डाच्या खाली ते नीट सरकवलं.

पंखा शांत झाला.